प्रपंची माणसाची प्रार्थना

संत मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात प्रभू येशूच्या एका दिवसाची हकीकत आली आहे. कफर्णहूम या सरोवराकाठच्या गावी शब्बाथाच्या दिवशी त्याने सभास्थानात उपदेश केला, तेथेच एका पीडित माणसाला भूतबाधेतून सोडविले, आणि तेथून तो शिमोन पेत्राच्या घरी गेला. पेत्राची सासू तापाने अंथरुणाला खिळली होती. तिला त्याने हात धरून उठविले. सूर्य मावळला तेव्हा सारे गाव त्या घराच्या दारापाशी लोटले. दुखणाईत, व्याधिग्रस्त, पिसाटलेले, सर्व प्रकारचे लोक आणले गेले. रात्री ते दार केव्हा बंद झाले हे मार्क सांगत नाही. तो एवढेच सांगतो की, दुसऱ्या दिवशी पहाटे, पुष्कळ अंधार असतानाच, येशू उठला, गावाबाहेर एकांत स्थळी गेला आणि तेथे प्रार्थना करू लागला. थोड्याच वेळात शिष्य त्याला शोधीत आले. सर्व लोक आपला शोध करीत आहेत, असे त्यांनी त्याला सांगितले. प्रार्थना तेथे थांबली आणि पुढल्या गावांची वाट सुरू झाली.

या हकीकतीत निवांतपणा कोठेच नाही. आदल्या दिवशीची दगदग आहे, अपुरी झोप आहे, आणि ज्यासाठी पहाटे उठावे त्यातही व्यत्यय आहे. रिकामा वेळ हाताशी होता म्हणून प्रार्थना झाली, असे चित्र शुभवर्तमानात नाही.

‘प्रार्थनेला वेळ मिळत नाही’ ही कॅथलिक कुटुंबांतून नेहमी ऐकू येणारी तक्रार आहे, आणि ती खोटी आहे असे कोणीही म्हणू नये. वसई रोडपासून चर्चगेट सुमारे 52 किलोमीटर दूर. रोज हे अंतर दोनदा तोडणाऱ्या माणसाच्या हाती दिवसाचे काय उरत असेल, हे ज्याचे त्याला ठाऊक. पहाटे उठून डबे भरणारी, मुलांना शाळेला आणि स्वतःला कचेरीला वेळेवर पोहोचविणारी आई, इस्पितळात रात्रपाळी करणारी परिचारिका, दर आठवड्याला पाळी बदलणारा कारखान्यातील कामगार, यांना सवडीचे धडे देणे सोपे आहे. त्यांचा एक दिवस जगून पाहणे अवघड आहे. परंतु या तक्रारीच्या मागे पुष्कळदा आणखी एक गोष्ट दडलेली असते. प्रथम संध्याकाळची प्रार्थना आखूड होते, मग ती बुडते, मग केवळ रविवार उरतो. त्यानंतर मनात एक प्रकारची शरम बसते, आणि पुढे ही शरमच माणसाला प्रार्थनेपासून दूर ठेवू लागते. इतके दिवस तोंड दाखविले नाही, आता कोणत्या तोंडाने जावे, असे त्याला वाटते. वेळेची अडचण घड्याळाने मोजता येते. या शरमेला मात्र मोजमाप नाही. किती तरी सज्जन माणसांची प्रार्थना कामाने नव्हे, तर तिने बंद पाडली आहे.

या शरमेचे मूळ बहुधा एका चुकीच्या मापात सापडते. प्रार्थना म्हटली की सामान्य कॅथलिक माणसाच्या डोळ्यांपुढे मठ उभा राहतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी इटलीत आपल्या मठवासीयांसाठी जो नियम लिहिला, त्यात दिवसातून सात वेळा व रात्री एकदा एकत्र जमून स्तोत्रे गाण्याची आखणी आहे. घंटा झाली की हातातील काम, ते कोणतेही असो, तत्क्षणी टाकून प्रार्थनागृहाकडे निघावे, असे हा नियम सांगतो. पश्चिमेकडील ख्रिस्ती मठजीवनाचा हा पाया होय. ज्याने हे जीवन पत्करले त्याचा सारा दिवसच या घंटांभोवती गुंफलेला असतो. त्याला स्वयंपाक, शेती, ग्रंथलेखन ही कामे प्रार्थनेच्या मधल्या वेळात करावयाची असतात. प्रपंची माणसाचे नेमके उलट आहे. त्याला कामाच्या मधल्या वेळात प्रार्थना बसवावयाची असते. दोघांना एकच माप लावले तर प्रपंची माणूस सदैव अपराधी ठरणार, यात नवल ते काय?

मात्र खुद्द बेनेडिक्ट यांच्या नियमातच एक छोटासा अध्याय असा आहे की, तो मठाबाहेरच्या माणसांनी अधिक लक्षपूर्वक वाचावा. जे बांधव दूर शेतात कामाला गेले आहेत व वेळेवर परत येऊ शकत नाहीत, त्यांनी जेथे काम चालले आहे तेथेच गुडघे टेकून आपली प्रार्थना करावी. जे प्रवासात आहेत त्यांनीही ठरलेल्या वेळा चुकवू नयेत, जमेल तशी प्रार्थना करावी, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे प्रार्थनागृह गाठता आले नाही म्हणून प्रार्थनेची वेळ टळत नाही, आणि वेळ पाळावयाची म्हणून शेत सोडून धावतही यावयाचे नाही. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचा हा नियम आगगाडीच्या डब्यात उभ्या असलेल्या माणसालाही लागू पडावा असा आहे.

या प्रश्नाचा सांगोपांग विचार प्रपंची माणसाच्या बाजूने ज्यांनी केला, ते संत फ्रान्सिस द सेल्स होत. हे जिनिव्हाचे बिशप. परंतु जिनिव्हा त्या काळी प्रॉटेस्टंट पंथीयांच्या हाती असल्यामुळे त्यांचा मुक्काम आनसी या गावी असे. आपल्या नात्यातील एका विवाहित स्त्रीला त्यांनी वेळोवेळी मार्गदर्शनपर पत्रे लिहिली होती. त्या लेखनातून 1609 साली त्यांचा ‘भक्तिमय जीवनाची प्रस्तावना’ हा ग्रंथ सिद्ध झाला. ग्रंथातील वाचक ‘फिलोथिया’ आहे. या ग्रीक नावाचा अर्थ देवावर प्रेम करणारी असा होतो. तिला नवरा आहे, घर आहे, पाहुणेरावळे आहेत. तोपर्यंतचे बहुतेक भक्तिग्रंथ ज्यांनी संसार सोडला त्यांच्यासाठी, किंवा त्यांनी तो सोडावा म्हणून, लिहिलेले होते. फ्रान्सिस यांनी संसारात राहणाऱ्यांसाठी लिहिले.

त्यांचे प्रतिपादन असे की, भक्ती ही प्रत्येकाच्या अवस्थेप्रमाणे व शक्तीप्रमाणे निरनिराळी असली पाहिजे. सरदाराची एक, कारागिराची दुसरी, नोकराची तिसरी. विधवेची, कुमारिकेची आणि सुवासिनीची आपापली. बिशपाने एकांतवासी संन्याशाप्रमाणे राहू म्हटले, विवाहित माणसांनी कफल्लक साधूंप्रमाणे संचय करण्याचेच नाकारले, किंवा कारागीर मठवासीयासारखा दिवसभर देवळात बसून राहिला, तर ती भक्ती हास्यास्पद व असह्य होईल, असे ते स्पष्ट बजावतात. जी भक्ती माणसाच्या न्याय्य कर्तव्याच्या आड येते ती खोटी समजावी, हा त्यांचा निकष होता. पुढे 1877 साली ख्रिस्तसभेने त्यांना धर्मपंडित ही पदवी दिली.

महाराष्ट्राला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. अरणचे सावता माळी आपला मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, अशीच त्यांची ख्याती आहे; जनाबाईंचे नाव जात्याशी आणि गोरोबा काकांचे नाव चिखलाशी जोडलेले आहे. श्रद्धेचा आशय भिन्न असला तरी हातातले काम व मुखातले नाम यांची सांगड येथल्या माणसाला उपजतच समजते. इंग्लंडमधून 1579 साली गोव्यात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे ओळखले होते. त्यांनी आपले ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचिले. 1616 साली ते राशोल येथे छापले गेले. ओवी ही दळताकांडताना म्हणावयाची, देवळात बसून ऐकावयाचीही. त्या छंदात शिरलेला मजकूर लोकांच्या तोंडी बसण्यास वेगळी सवड लागत नाही.

फ्रान्सिस फिलोथियाला सकाळी, मन ताजे असताना, रोज एक तासाचे मनन सुचवितात, हे येथे लपविण्यात अर्थ नाही. फिलोथियाच्या घरी नोकरचाकर होते. तिच्या तासाचा हेवा आजच्या गृहिणीने करण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्याच ग्रंथात त्यांनी दुसरी एक युक्ती सांगितली आहे, तिला नोकरचाकरांची गरज नाही. बागेत फेरफटका मारलेला माणूस निघताना चारदोन फुले खुडून घेतो आणि दिवसभर त्यांचा वास घेत राहतो. तसेच सकाळच्या मननातील एखादा विचार उचलून घ्यावा व कामाच्या मध्येमध्ये त्याची आठवण करावी. त्याला जोड म्हणून अगदी लहान, एका श्वासात संपणाऱ्या प्रार्थना कराव्यात. दीर्घ मननाला वेळ मिळाला नाही तर या लहान प्रार्थना ती उणीव भरून काढू शकतात. पण या लहान प्रार्थनांची उणीव मात्र दुसऱ्या कशानेही सहजी भरून निघत नाही, असे त्यांचे मत होते. एवढ्या मोठ्या आचार्याने तासाला नव्हे तर श्वासाला अग्रमान द्यावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अशी विखुरलेली प्रार्थना नियमित कशी व्हावी? मनावर सोडले तर ती होत नाही, मन विसरते. म्हणून घंटा आली. सकाळी, दुपारी व संध्याकाळी, साधारणतः सहा, बारा आणि सहा वाजता, कॅथलिक देवळातून जी घंटा होते तिला ‘अँजेलस’ असे नाव आहे. देवदूत या अर्थाच्या लॅटिन शब्दाने ही प्रार्थना सुरू होते म्हणून तिचे हे नाव पडले. गाब्रिएल दूताने मरियेला दिलेला निरोप, तिने दिलेला होकार आणि शब्दाने घेतलेला मानवी देह अशी तीन लहान वचने, प्रत्येकानंतर एकेक नमो मरिया, आणि शेवटी एक विनंती, एवढाच तिचा विस्तार. सावकाश म्हटली तरी तीन मिनिटांच्या आत संपते. घंटेचे ठोकेही तीन, तीन आणि तीन असे थांबून थांबून पडतात आणि मग सलग घंटानाद होतो. ज्याला तारीख-वार कळत नाही त्यालाही ते ऐकून प्रार्थनेत कोठपर्यंत आलो ते कळावे.

हा परिपाठ एका दिवसात कोणी ठरविलेला नाही. युरोपात प्रथम संध्याकाळच्या घंटेबरोबर नमो मरिया म्हणण्याची चाल पडली. पोप जॉन 22वे यांनी 1318 व 1327 या साली तिला उत्तेजन दिले. दुपारच्या घंटेशी पोप कॅलिक्स्टस 3रे यांनी 1456 साली काढलेल्या आज्ञेचा संबंध आहे. बेलग्रेडवर तुर्कांची स्वारी आली असता दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करावी असे त्यांनी फर्माविले होते. युद्ध गेले, घंटा राहिली. फ्रेंच चित्रकार मिले यांनी 1857 ते 1859 या काळात काढलेले एक चित्र जगभर प्रसिद्ध आहे. ते आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. बटाट्याच्या शेतात एक पुरुष व एक स्त्री उभी आहेत. पुरुषाने टोपी हातात घेतली आहे, स्त्रीने हात जोडले आहेत. अवजार तसेच जमिनीत रोवलेले, टोपली पायाशी. दूर क्षितिजावर देवळाचा कळस दिसतो. काम संपलेले नाही. ते फक्त थांबले आहे. पोप पायस 12वे यांनी 15 ऑगस्ट 1954 रोजी ही प्रार्थना नभोवाणीवरून म्हणण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून रोमच्या या दुपारच्या घंटेला कळसाची गरज उरली नाही. ज्या वस्तीत घंटा ऐकू येत नाही तेथे तोच उपयोग आज खिशातल्या मोबाईलच्या गजराचा करता येतो. दिवसातून शंभरदा माणसाला बोलावणाऱ्या यंत्राने तीनदा देवासाठी बोलावले, तर त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

संध्याकाळच्या घंटेला गोव्याच्या व वसईच्या कॅथलिक घरांतून आणखी एक रीत जोडलेली आहे. प्रार्थना झाली की लहानांनी थोरांपुढे हात जोडून आशीर्वाद मागावयाचा. गोव्यात याला ‘बेसांव’ म्हणतात. शब्द मूळचा पोर्तुगीज, पण भावना अस्सल येथलीच. दिवसभर रुसलेला मुलगा या क्षणी बापासमोर येऊन उभा राही व बापाला त्याच्या डोक्यावर हात ठेवावाच लागे. ही रीत जेथे सुटली तेथे प्रार्थनेबरोबर आणखीही काही सुटले, हे वडीलधारी मंडळी बोलून दाखवितात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

याच वेळेला जपमाळ म्हटली जाते. गोव्यात तिचे घरगुती नाव ‘तेर्स’. पोर्तुगीज भाषेत याचा अर्थ तिसरा हिस्सा असा आहे, आणि त्या नावात जपमाळेचा इतिहास साठविलेला आहे. मठवासी लोक बायबलातील दीडशे स्तोत्रे लॅटिनमधून गात. निरक्षर शेतकऱ्याला ती पाठ येणे शक्य नव्हते. त्याने त्यांच्या जागी दीडशे नमो मरिया धरल्या. त्यांचे पंधरा दशक झाले, प्रत्येक दशकाला ख्रिस्त व मरिया यांच्या जीवनातील एक रहस्य चिंतनासाठी लाभले. पंधरा दशके एका बैठकीत म्हणणे प्रपंचात जमत नाही, म्हणून पाच म्हणावयाची; ती झाली तेर्स. पोप जॉन पॉल 2रे यांनी 2002 साली प्रकाशाची पाच रहस्ये नव्याने सुचविली, तेव्हापासून दशके वीस झाली आणि पाच दशके हा हिशेबाने चौथा हिस्सा ठरला. लोकांनी मात्र नाव बदलले नाही, हे बरेच झाले. तात्पर्य, ज्याला आज कॅथलिक घरातली ‘पूर्ण’ प्रार्थना समजतात, ती वस्तुतः वेळेअभावी केलेल्या तडजोडीतून जन्मलेली आहे. पाच दशकांना वीस मिनिटे लागतात. तेवढीही सापडत नसतील तर एका दशकाला चार मिनिटे पुरतात, आणि माळ घरी राहिली तर मनुष्याच्या हाताला बोटे दहाच आहेत.

येथपर्यंतच्या गोष्टी ज्याच्या त्याच्या भक्तीच्या झाल्या. रविवारचे मिस्साबलिदान हा मात्र नियमाचा भाग, आणि नियमाच्या बाबतीत वेळेची अडचण अधिक बोचते. या ठिकाणी ख्रिस्तसभेनेच आपले घड्याळ कसे बदलले, हा इतिहास अनेक कॅथलिकांनाही पुरता माहीत नसतो. पूर्वी ज्याला ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा त्याने मध्यरात्रीपासून अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नसे. साहजिकच मिस्सा सकाळीच होई. रात्रपाळी करून आलेल्या आणि मध्यंतरी घोटभर चहा घेतलेल्या कामगाराला वेदीपर्यंत जाता येत नसे. लांबून चालत येणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या आईचे हाल वेगळेच. दुसऱ्या महायुद्धानंतर हे ओझे प्रकर्षाने जाणवू लागले. पोप पायस 12वे यांनी 6 जानेवारी 1953 रोजी काढलेल्या फर्मानाने साध्या पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरविले व काही अटींवर संध्याकाळच्या मिस्साला वाट मोकळी केली. 19 मार्च 1957 रोजी त्यांनी मध्यरात्रीची अट काढून टाकून अन्नासाठी तीन तास व मद्याखेरीज इतर पेयांसाठी एक तास अशी मर्यादा घातली. 21 नोव्हेंबर 1964 रोजी पोप पॉल 6वे यांनी अन्नाचीही मर्यादा एक तासावर आणली. 1983 सालच्या धर्मसंहितेत हीच एक तासाची मर्यादा कायम आहे. आणि तिच्यात आणखी एक वाक्य आहे. वृद्ध व आजारी माणसे यांना या तासाचीही सक्ती नाही, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही नाही. आजाऱ्याला सूट देणे कोणालाही सुचेल. रात्रभर त्याच्या उशाशी बसणाऱ्या लेकीची किंवा सुनेची आठवण कायदा लिहिताना ठेवणे, याला निराळी नजर लागते. त्याच संहितेने शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पुरे होते हेही स्पष्ट केले आहे.

ख्रिस्तसभेने एवढी सवलत दिली, तेव्हा आता सारेच सैल सोडावे काय? ‘काम हीच प्रार्थना’ असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. हे वाक्य ऐकावयास गोड आहे, आणि अर्धेच खरे आहे. त्याच्या समर्थनार्थ बहुधा ब्रदर लॉरेन्स यांचे नाव घेतले जाते. यांचे पूर्वाश्रमीचे नाव निकोला एर्मान. लोरेनमधील एका साध्या घरातला हा मुलगा शिपाई झाला, युद्धात जखमी झाला, आणि पुढे 1640 साली पॅरिसच्या कार्मेली मठात सेवक बंधू म्हणून दाखल झाला. त्याला काम मिळाले स्वयंपाकघराचे. ते त्याला मुळीच आवडत नसे. अनेक वर्षे त्याने ते केले. पुढे पायाने अधू झाल्यावर वहाणा दुरुस्त करण्याचे काम केले. 1691 साली तो वारला तेव्हा त्याची थोडी पत्रे व संभाषणे यांपलीकडे मागे काही नव्हते. परंतु ती प्रसिद्ध झाली आणि आजतागायत वाचली जात आहेत. भांड्यांच्या खणखणाटात आणि चार जण चार वस्तू मागत असतानाही आपण वेदीपुढे गुडघे टेकल्याइतकेच देवाजवळ असतो, असे तो सांगत असे.

हे सांगणारे लोक त्याच्या पत्रांतील दुसरी गोष्ट बहुधा सांगत नाहीत. ही स्थिती येण्यापूर्वी पहिली दहा वर्षे आपण फार क्लेशात काढली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मन पळे, तो ते परत आणी. पुन्हा पळे, पुन्हा आणी. शिवाय तो मठात राहत होता. नेमलेल्या वेळी प्रार्थनेला बसण्याची शिस्त त्याच्या दिवसाला बाहेरून लाभलेली होती. ज्याने काही काळ काम बाजूला ठेवून प्रार्थना केली त्याचे काम पुढे प्रार्थना होऊ शकते. ज्याने काम कधी बाजूलाच ठेवले नाही त्याचे काम बहुधा कामच राहते, आणि थोड्या वर्षांनी ते चिडचिडीचे कारण होते.

उलटपक्षी प्रार्थनेत असताना हाक आली तर काय करावे, याचेही उत्तर संतांच्या चरित्रांतून सापडते. रोमच्या संत फ्रान्सिस्का या 1384 साली जन्मलेल्या, सुमारे चाळीस वर्षे संसार केलेल्या स्त्री. त्यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. त्या मरियेची स्तोत्रे म्हणत असता एकाच वचनावर घरच्यांनी त्यांना चार वेळा हाक मारली. चारही वेळा त्या पुस्तक मिटून उठल्या व कपाळाला आठी न घालता काम करून आल्या. पाचव्यांदा बसल्या तेव्हा ते वचन सोन्याच्या अक्षरांत लिहिलेले दिसले. सोन्याची अक्षरे ही भाविकांची भर म्हणून सोडून दिली, तरी चार वेळा उठणे ही गोष्ट कोणाही गृहिणीला खरी वाटेल. संत व्हिन्सेंट दी पॉल यांनी 1633 साली स्थापन केलेल्या सेवाव्रती भगिनींना हाच उपदेश केला. प्रार्थनेच्या वेळी एखाद्या गरीब आजाऱ्याला औषध नेऊन देणे भाग पडले तर निश्चिंत मनाने जावे. देवाला सोडून देवाकडेच जाणे होते, असे ते समजावीत. अट एकच: काम खरोखरीच हाक मारीत असले पाहिजे. स्वयंपाकघरातली प्रत्येक हाक तशी असतेच असे नाही, आणि टेलिफोनची तर क्वचितच.

सकाळी दिवसाचे अर्पण करण्याची जी पद्धत कॅथलिकांत आहे तिचा उगम सांगण्यासारखा आहे, कारण त्यात हिंदुस्थानचा धागा आहे. फ्रान्समधील व्हाल्स येथे येशूसंघाचे तरुण विद्यार्थी शिकत होते. मदुराईच्या मिशनमधील कामाची वृत्ते ऐकून त्यांची मने इकडे ओढ घेत; पुस्तकांत लक्ष लागेना. 3 डिसेंबर 1844 रोजी त्यांचे मार्गदर्शक फादर गोत्रले यांनी त्यांना समजाविले की, आजचा अभ्यास, आजची डोकेदुखी, आजचा कंटाळा सकाळीच देवाला वाहून टाका. मदुराईच्या कामात तोच तुमचा वाटा. यातून ‘प्रार्थनेचे प्रेषितकार्य’ ही चळवळ निघाली व ती जगभर पसरली. अर्पणाला अर्धे मिनिट लागते. उठल्यावर चूल पेटविण्यापूर्वी ते होऊ शकते. रात्री त्याला जोड द्यावयाची ती दिवसाच्या झाडतीची. संत इग्नेशियस लोयोला आपल्या संघातील लोकांना इतर प्रार्थनेतून प्रसंगी सूट देत, पण ही झाडती सहसा चुकवू देत नसत.

शेवटी थकलेल्यांचा प्रश्न राहतो. अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी माळ हातात घेतली आणि दुसऱ्याच दशकात डोळा लागला, सकाळी माळ उशाखाली सापडली, असा अनुभव ज्याला नाही तो कॅथलिक विरळा. पुष्कळांना याची फार खंत वाटते. लिझ्यू येथील संत तेरेझा या 1897 साली अवघ्या चोविसाव्या वर्षी वारल्या. त्या कार्मेली मठात राहत, म्हणजे प्रार्थना हेच त्यांचे काम. तरीही मननाच्या वेळी आपल्याला झोप येते, असे त्यांनी आपल्या आत्मवृत्तात मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांनी स्वतःची समजूत अशी घातली होती की, मूल जागे असो वा झोपलेले, आईबापांना ते सारखेच प्रिय असते. त्यांनी मननाची वेळ मात्र बदलली नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्याच जागी जाऊन बसत.